एका मैदानात दोन संघ: अमेरिकेने ही सोय का मोडली?

अमेरिकेतल्या लास वेगास शहरात बेसबॉलचं नवं स्टेडियम बांधलं जात आहे. ते ‘अ‍ॅथलेटिक्स’ या संघासाठी आहे. जून २०२५ मध्ये भूमिपूजन झालं आणि २०२८ च्या हंगामात तिथे खेळायचा बेत आहे. बेसबॉलशी आपलं काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. पण हा प्रश्न खेळापेक्षा जनतेच्या पैशाचा जास्त आहे. तो आपल्या गावातही कधीही येऊ शकतो, म्हणून समजून घेऊ.

पूर्वी कसं होतं?

हाच संघ १९६८ पासून कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात खेळत होता. तिथल्या कोलिझियममध्ये उन्हाळ्यात बेसबॉल व्हायचं आणि हिवाळ्यात ‘रेडर्स’ संघाचं अमेरिकन फुटबॉल. १९६० आणि ७० च्या दशकांत अशी सामायिक स्टेडियम अनेक शहरांनी बांधली. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, ह्यूस्टन, सेंट लुईस, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया ही त्यातली काही. हिशेब सरळ होता. जागा एक, खर्च एक, आणि मैदान वर्षभर वापरात.

मग अडचण कुठे आली?

पहिली अडचण भूमितीची. बेसबॉलचं मैदान साधारण पाव वर्तुळासारखं, उघडलेल्या हातपंख्यासारखं असतं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान मात्र १२० यार्ड लांब आणि सुमारे ५३ यार्ड रुंद असा आयत. बेसबॉलच्या प्रेक्षकाला पंख्याच्या मुठीजवळ, म्हणजे फलंदाजाजवळ बसायचं असतं. फुटबॉलच्या प्रेक्षकाला आयताच्या लांब बाजूच्या मधोमध. दोघांची सोय म्हणून गोल स्टेडियम बांधली, आणि दोघेही खेळापासून लांब पडले. ओकलंडमध्ये तर हंगामाच्या सुरुवातीला फुटबॉलचे खेळाडू बेसबॉलच्या उघड्या मातीवर आपटायचे.

दुसरी अडचण कमाईची, आणि खरी मेख इथेच आहे. स्टेडियम सामायिक असलं की आलिशान कक्ष, जाहिराती, पार्किंग, खाण्याचे स्टॉल यांच्या उत्पन्नात वाटेकरी येतो. स्वतंत्र स्टेडियम असलं की वाटेकरी नाही. १९९२ मध्ये बाल्टिमोरला फक्त बेसबॉलसाठी ‘कॅम्डन यार्ड्स’ उभं राहिलं, लोकांना फार आवडलं, आणि मग प्रत्येक संघाला तसंच हवं झालं. मालक शहराला सांगू लागले, “नवं बांधून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.” बेसबॉल संघ घरच्या मैदानावर हंगामात ८१ सामने खेळतो, तर फुटबॉल संघ आठ-नऊच. म्हणजे फुटबॉलचं स्वतंत्र स्टेडियम बराच काळ रिकामं राहणार हे उघड असूनही ती बांधली गेली.

बिल कोणाच्या नावावर?

सिएटलचं ‘किंगडोम’ हे सामायिक स्टेडियम १९७६ मध्ये सुरू झालं आणि २००० मध्ये स्फोटकांनी पाडलं. त्याचं कर्ज मात्र २०१५ मध्ये फिटलं. इमारत गेल्यावरही पंधरा वर्षं लोक तिचे हप्ते भरत होते.

आता लास वेगासचा हिशेब पाहा. रेडर्स २०२० मध्ये ओकलंड सोडून तिथे गेले. त्यांच्या स्टेडियमला सार्वजनिक पैशातून ७५ कोटी डॉलर मिळाले. ते हॉटेलच्या खोल्यांवरील करातून येतात. अ‍ॅथलेटिक्ससाठी नेवाडा राज्याने २०२३ मध्ये ३८ कोटी डॉलरपर्यंतची मदत मंजूर केली. म्हणजे एकेकाळी एका छताखाली राहिलेले दोन शेजारी त्याच शहरात पुन्हा एकत्र येत आहेत, पण दोन वेगळ्या घरांत. त्या दोन घरांसाठी जनतेच्या वाट्याला ११३ कोटी डॉलर!

याला विरोध करणाऱ्यांत नेवाडाची शिक्षक संघटना पुढे होती. त्यांचं म्हणणं होतं, आधी शाळा, मग स्टेडियम. या मदतीवर जनमत घ्यावं म्हणून त्यांनी अर्ज केला, पण मे २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अर्जाच्या मसुद्यातल्या त्रुटींवर बोट ठेवून तो बाद ठरवला. मतदान झालंच नाही. मिसुरीतल्या जॅक्सन काउंटीत एप्रिल २०२४ मध्ये मात्र स्टेडियमसाठीच्या विक्रीकरावर लोकांना विचारलं गेलं, आणि बहुमताने ‘नाही’ असं उत्तर आलं.

समर्थक म्हणतात, स्टेडियममुळे रोजगार आणि व्यापार वाढतो. बहुतेक अर्थशास्त्रज्ञांना हे पटत नाही. कारण सोपं आहे. जे कुटुंब सामन्यावर पैसे खर्च करतं, ते तेवढेच पैसे एरवी शहरातल्याच हॉटेलात किंवा सिनेमाला खर्च करतं. पैसा नवा येत नाही, खिसा बदलतो. पर्यटकांच्या शहरात हे गणित थोडं वेगळं असू शकतं, पण सगळी शहरं लास वेगास नसतात.

ओकलंडमधला शेवटचा बेसबॉल सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. तेव्हा ४६ हजारांवर लोक आले होते. रेडर्स, बास्केटबॉलचे वॉरियर्स आणि अ‍ॅथलेटिक्स असे तिन्ही मोठे संघ पाच-सहा वर्षांत त्या शहराने गमावले. गंमत म्हणजे लास वेगासचं स्टेडियम होईपर्यंत अ‍ॅथलेटिक्स सॅक्रामेंटोजवळ एका छोट्या संघाच्या मैदानात खेळत आहेत. म्हणजे पुन्हा सामायिकच!

आपल्याकडे काय?

मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. ब्रेबॉर्न स्टेडियम असताना तिकिटांच्या वाटपावरून दोन क्रिकेट संस्थांचं बिनसलं आणि १९७० च्या दशकात चालत जाण्याच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं. तिथे तर खेळही एकच होता.

म्हणून आपल्या शहरात कुणी भव्य क्रीडासंकुलाची घोषणा केली, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पैसा कोणाचा आणि किती वर्षं फेडायचा? वर्षातले किती दिवस ते वापरात राहील? आणि सामने नसतील तेव्हा मोहल्ल्यातल्या, शाळेतल्या मुला-मुलींना फाटक उघडं असेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या संकुलाला जनतेचा पैसा का द्यावा, हे घोषणा करणाऱ्याने समजावून सांगायला हवं.