विद्यार्थ्याची जमाखर्चाची वही

‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण आमच्या शाळेंतील पांचवीच्या मुलासहि पाठ आहे. परंतु तळें ज्या रीतीनें सांचतें त्याच रीतीनें तें आटतेंहि, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दर वर्षीं दहावी उत्तीर्ण झालेले आमचे कांहीं विद्यार्थी व विद्यार्थिनी पुढील शिक्षणासाठीं पुण्यासारख्या मोठ्या शहरीं जातात. आईबापांच्या छत्राखालून तीं बहुधा प्रथमच बाहेर पडतात, आणि महिन्याचा खर्च स्वतःच्या हातानें करण्याचा प्रसंगहि त्यांजवर प्रथमच येतो. अशा विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडतील असे चार विचार या लेखांत मांडण्याचा आमचा हेतु आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी, गणितांत हुषार व वर्तनानें सरळ, पुण्यास पॉलिटेक्निकमध्यें दाखल झाला. वडिलांची अडीच एकर जमीन व तींत कांद्याचें पीक, एवढाच घरचा आधार. दिवाळीच्या सुटींत हा मुलगा घरीं आला तो परत गेलाच नाहीं. आम्ही चौकशीस गेलों तेव्हां तो ओट्यावर मान खालीं घालून बसला होता. फी भरलेली होती, खोलीचें भाडें दिलेलें होतें. परंतु खाणावळीचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, मित्रांचें देणें झालें होतें, आणि मोबाईलवरून काढलेल्या एका कर्जाचा तगादा लागला होता. तें सर्व फेडण्यासाठीं वडिलांनीं गोठ्यांतील दुभती म्हैस विकली. मुलगा आम्हांस एवढेंच म्हणाला, “सर, मी एकहि मोठी चैन केली नाहीं हो. पैसे कोठें गेले तें माझें मलाच समजलें नाहीं.”

तो खोटें बोलत नव्हता. त्याच्या बँकेच्या खात्याचा उतारा आम्हीं त्याच्याजवळ बसून ओळीओळीनें वाचला. शंभरांवरील रकमा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. बाकी सर्व दहा, वीस, चाळीस रुपये: चहा, वडापाव, शीतपेय, रिक्षांतील वांटा, मोबाईलचा जादा डेटा, घरपोंच मागविलेल्या खाण्याचा पोंचवणावळीचा आकार. तळें आटलें होतें तें असें थेंबाथेंबानें. त्या दिवसापासून आमचें असें ठाम मत झालें आहे कीं, विद्यार्थ्याला बुडविणारा खर्च बहुधा मोठा नसतो. तो मोजलेला नसतो, एवढेंच.

म्हणून काटकसरीचा आरंभ पैसा वांचविण्यापासून नव्हे, तर तो लिहिण्यापासून होतो. यासाठीं साधी, रेघा आंखलेली वही पुरे. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. खर्चाच्या पानावर तारीख, कारण व रक्कम असे तीन रकाने पाडावे. रात्रीं निजण्यापूर्वीं पांच मिनिटें बसून त्या दिवसाचा प्रत्येक रुपया लिहावा, आणि दर रविवारीं बेरीज करून शिल्लक ताडून पाहावी. शिल्लक जमली नाहीं तर घाबरूं नये. कोणती रक्कम लिहावयाची राहिली तें आठवावें. या आठवण्यांतच अर्धें शिक्षण आहे.

महिन्याच्या अखेरीस सर्व खर्चाचे तीन भाग करावे. खोली, जेवण, फी व प्रवास हे अटळ खर्च. पुस्तकें, वह्या, साबण, औषध हे गरजेचे खर्च. आणि राहिलेले ते इच्छेचे खर्च. इच्छेचे खर्च अजिबात नसावेत असें आम्ही म्हणत नाहीं. तरुण मुलानें मित्रांबरोबर एक कप चहा घेतला तर त्यांत पाप नाहीं. परंतु त्या चहाचें वर्षाचें मोल त्याला ठाऊक असावें. समजा, दिवसास ३० रुपये असे सुटे जातात. महिन्याचे झाले ९००, आणि शिक्षणवर्षाच्या १० महिन्यांचे ९,०००. हा आंकडा वहींत स्वतःच्या हातानें लिहिल्यावर कोणता चहा ठेवावा व कोणता सोडावा, हें विद्यार्थ्याला दुसऱ्यानें सांगावें लागत नाहीं.

येथें आजच्या काळाची एक अडचण सांगितली पाहिजे. पूर्वीं खिशांतील नाणीं कमी झालीं कीं तें हातास जाणवे. २०१६ सालीं यूपीआयची पद्धत सुरू झाल्यापासून पैसा बोटाच्या स्पर्शासरशीं जातो आणि खिसा होता तितकाच जड राहतो. ही सोय मोठी आहे, तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु ज्यांचा हात सैल आहे त्यांनीं दर रविवारीं आठवड्याच्या किरकोळ खर्चापुरती रोख रक्कम काढावी व तेवढ्यांतच भागवावें. बँकेंत किमान शिल्लक न राखल्याबद्दल दंड पडूं नये म्हणून ‘बेसिक सेव्हिंग्ज’ प्रकारचें खातें मागून घ्यावें. त्यांत किमान शिल्लक ठेवण्याची अट नसते.

आतां मोठ्या खर्चांकडे वळूं. यांची मौज अशी कीं, ते वर्षांतून एकदांच ठरतात आणि मग वर्षभर निमूटपणें चालू राहतात. म्हणून ठरवितांनाच डोळे उघडे ठेवावे. शहरांत खोली पुष्कळदां ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खाटेमागें भाडें घेऊन देतात. भाडें ठरवितांना अनामत रक्कम किती, ती परत केव्हां मिळणार, विजेचा व पाण्याचा आकार भाड्यांत धरला आहे कीं निराळा, हें विचारून कागदावर लिहून घ्यावें. दूरची खोली स्वस्त वाटते. परंतु रोजचा बसभाड्याचा व वेळेचा हिशेब मांडला म्हणजे कॉलेजपासून पायीं अंतरावरची खोली पुष्कळदां तिच्याहून स्वस्त पडते. खाणावळीचें असेंच आहे. महिन्याचे पैसे आगाऊ देण्यापूर्वीं ‘खाडे’ वजा होतात कीं नाहीं, व होत असल्यास किती दिवसांचे व किती आधीं सांगितल्यावर, हें नक्की करावें. सुटींत आठ दिवस घरीं गेलेल्या मुलाचे खाडे वजा झाले नाहींत, तर तो न जेवलेल्या जेवणाचे पैसे देतो.

पुस्तकांच्या बाबतींत तर सोय पुष्कळ आहे. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतां येतात. पुण्यास अप्पा बळवंत चौकांत जुनीं पुस्तकें कमी किंमतींत मिळतात. आणि पुस्तकास वेष्टण घालून तें नीट राखलें, तर वर्षाअखेर तेंच पुढील विद्यार्थ्यास विकतां येतें. तथापि पहिल्या आठवड्यांत यादींतील सर्व पुस्तकें विकत घेण्याची घाई करूं नये. कोणतें पुस्तक रोज लागतें व कोणतें कॉलेजच्या ग्रंथालयांत बसून वाचल्यानें भागतें, तें पंधरा दिवसांत कळून येतें.

प्रवासांत सवलती आहेत. परंतु त्या मागणाऱ्यास मिळतात. शाळा-कॉलेजांत नियमित जाणाऱ्या विद्यार्थ्यास एस. टी.च्या मासिक पासांत सुमारें दोनतृतीयांश सूट आहे. अहिल्याबाई होळकर योजनेखालीं ग्रामीण भागांतील मुलींस बारावीपर्यंत हा पास मोफत मिळतो. आणि मार्च २०२३ पासून एस. टी.ंत सर्व स्त्रियांस निम्में भाडें आहे. शिष्यवृत्त्यांचेंहि तसेंच. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिक्षणशुल्काच्या योजना आहेत. बाहेरगांवीं राहणाऱ्यांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. प्रत्येकीचे नियम व उत्पन्नाच्या मर्यादा निराळ्या असतात, म्हणून त्या आपणच वाचाव्या. पुष्कळ गरजू मुलें यांना मुकतात तीं अपात्र असतात म्हणून नव्हे, तर तहसील कचेरींतील उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसतो म्हणून. निकालाची वाट न पाहतां मे महिन्यांतच हे कागद तयार ठेवावे.

कर्जाविषयीं आम्ही थोडें कठोरपणें लिहिणार आहों. दहा रुपये शेंकडा दरमहा या दरानें घेतलेल्या १,००० रुपयांवर वर्षाचें व्याज १,२०० रुपये होतें, म्हणजे मुदलाहून अधिक. मोबाईलवरील कर्जांत हें व्याज पुष्कळदां ‘आकार’ या सौम्य नांवाखालीं लपलेलें असतें. समजा, ५,००० रुपयांचें कर्ज मंजूर झालें, हातांत ४,००० पडले, आणि महिन्यानें ५,००० परत करावयाचे आहेत. तर ४,००० रुपयांवर महिन्याचें व्याज १,००० झालें. हा दर दरमहा शेंकडा २५, म्हणजे वर्षास शेंकडा ३०० पडतो! रिझर्व्ह बँकेनें घालून दिलेल्या नियमांप्रमाणें असें कर्ज देणाऱ्यानें वर्षाचा एकंदर दर कर्ज घेणाऱ्यास आधींच स्पष्ट कळविला पाहिजे. जो तो सांगत नाहीं, त्याच्या दारीं उभेंहि राहूं नये. पैसे संपले तर लाज सोडून घरीं कळवावें, शिक्षकांस कळवावें. घरीं लिहिलेल्या एका पत्रानें किंवा केलेल्या एका फोननें जी गोष्ट मिटते, ती लपविल्यानें गोठ्यापर्यंत जाऊन पोंचते.

आतां काटकसर कोठें करूं नये तें सांगतों, कारण या बाबतींत आमच्याच हातून चूक झालेली आहे. विद्यार्थिदशेंत असतां पैसे वांचविण्यासाठीं आम्हीं परीक्षेच्या आधीं दीड महिना एक वेळचें जेवण सोडलें होतें, आणि त्याबद्दल मनांतून अभिमानहि बाळगला होता. परिणाम असा झाला कीं, परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीं भोंवळ येऊन पडलों. एक पेपर बुडाला, आणि वांचविलेल्या पैशांच्या दुप्पट रक्कम डॉक्टर व औषधें यांत गेली. पोटावर केलेली बचत ही बचत नव्हे. तें शरीराकडून काढलेलें कर्ज होय, आणि त्याचें व्याज वर सांगितलेल्या कर्जाहूनहि भारी असतें. काटकसर करावी ती चवींत, पोषणांत नव्हे. भाजलेले चणे व शेंगदाणे यांच्या १०० ग्रॅमांत सुमारें २० ते २५ ग्रॅम प्रथिनें असतात. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम असतात. बटाट्याच्या वेफर्सच्या पुड्याला जो पैसा पडतो, त्यांत घरून आणलेल्या शेंगदाण्यांचा व गुळाचा डबा कितीतरी अधिक दिवस पुरतो. हाच नियम चष्म्याला, औषधाला व रात्रीं वाचावयाच्या दिव्याला लागू आहे.

खर्च कमी करण्याला जशी मर्यादा आहे, तशी मिळकत वाढविण्याला वाटहि आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह काढलें. तेथें मुलें आपल्या हातांनीं कामें करून शिकत. त्या मुलांच्या पोटासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरील दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां दिलें. ‘कमवा आणि शिका’ ही रीत आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठांतहि चालू असून, तिच्याखालीं विद्यार्थ्यांस अभ्यास सांभाळून कांहीं तासांचें काम व त्याचा मोबदला मिळतो. ग्रंथालयांत पुस्तकें लावण्यांत किंवा बागेंत पाणी घालण्यांत कमीपणा मानूं नये. ज्यानें एक तास राबून पैसा मिळविला आहे, त्याला तो कसा खर्चावा हें शिकविण्याची आवश्यकता फारशी राहत नाहीं.

कोणी म्हणतील, एवढा हिशेब ठेवणारा मुलगा कंजूष होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. कंजूष मनुष्य पैशासाठीं पैसा राखतो. काटकसरी विद्यार्थी शिक्षणासाठीं राखतो. ज्याच्या वहींत महिन्याअखेर दोनशें रुपये शिल्लक आहेत, तोच आजारी सोबत्याला रिक्षानें दवाखान्यांत नेऊं शकतो. ज्याला आपली शिल्लक ठाऊक नाहीं, तो मनानें कितीहि उदार असला तरी त्याला हात हालवीत उभें राहावें लागतें.

वर उल्लेखिलेल्या आमच्या विद्यार्थ्याचें एक वर्ष वायां गेलें. पुढील वर्षीं आईनें बचत गटांतून कांहीं रक्कम उभी केली, आणि तो पुन्हां पुण्यास गेला. त्या दिवाळींत तो आपण होऊन आमच्या घरीं आला व पिशवींतून एक वही काढून त्यानें आमच्यापुढें ठेवली. पहिल्या पानावर, सर्व जमाखर्चाच्या आधीं, त्यानें ‘म्हैस’ एवढाच शब्द लिहिला होता आणि त्यापुढें तिला आलेली किंमत. पुढील पानें आम्हीं तपासलीं नाहींत. वही मिटून त्याच्या हातीं दिली.

येत्या जूनमध्यें जे विद्यार्थी व ज्या विद्यार्थिनी ही शाळा सोडून परगांवीं जातील, त्यांनीं आपल्या ट्रंकेंत कपड्यांबरोबर एक कोरी वही अवश्य ठेवावी, आणि घरून मिळालेली पहिली रक्कम तींत लिहितांना ती कोणाच्या कष्टांतून आली, हेंहि तिच्यासमोर लिहून ठेवावें, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.