भाषक-संख्येतील वाढ-घट आणि शेकडेवारीचा पाया

एखाद्या भाषेचे भाषक दहा वर्षांत किती वाढले, या प्रश्नाला संख्येत उत्तर देता येते, तसे प्रमाणातही देता येते. जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये ७,१९,३६,८९४ होती. २०११ मध्ये ती ८,३०,२६,६८० झाली. ही १,१०,८९,७८६ ची वाढ मोठी भासते. परंतु कशाच्या मानाने मोठी, हे तीवरून कळत नाही. त्यासाठी फरकाला आधीच्या संख्येने भागून शंभराने गुणावे लागते. येथे उत्तर १५.४२ येते, म्हणजे २००१ मधील दर शंभर भाषकांमागे सुमारे साडेपंधरांची भर पडली. नंतरची संख्या कमी असेल, तर फरक ऋण येतो व ती घट ठरते. रीत एवढीच आहे.

घोटाळा होतो तो भाजकाविषयी. संस्कृत ही मातृभाषा म्हणून नोंदविणारे लोक १९९१ मध्ये ४९,७३६ होते, २००१ मध्ये १४,१३५ आणि २०११ मध्ये २४,८२१. पहिल्या दशकात ७१.५८ टक्के घट झाली, दुसऱ्यात ७५.६० टक्के वाढ. वाढीचा आकडा घटीच्या आकड्याहून मोठा असल्याने गेलेले सारे भरून निघाले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात २०११ ची संख्या १९९१ च्या निम्मीही भरत नाही. याचे कारण असे की, घट मोजताना ४९,७३६ हा पाया होता, तर वाढ मोजताना १४,१३५ हा. पाया आकुंचित झाला की तीच शेकडेवारी थोड्या माणसांवर येते. म्हणून अशा दोन शेकडेवारींची बेरीज-वजाबाकी करणे सर्वथा गैर होय. संपूर्ण वीस वर्षांची घट ४९,७३६ हाच पाया धरून काढली पाहिजे, ती ५०.०९ टक्के येते. (एवढे चढउतार जन्ममृत्यूंनी होत नाहीत, गणकाला दिलेले उत्तर बदलते, हे उघड आहे.)

मराठीच्या बाबतीत आणखी एक आकडा विचारात घ्यावा लागतो. देशाच्या लोकसंख्येतील मराठी भाषकांचा वाटा २००१ मध्ये ६.९९ टक्के होता, तो २०११ मध्ये ६.८६ टक्के झाला. भाषक वाढले आणि वाटा घटला, यात विसंगती नाही. एकूण लोकसंख्या अधिक वेगाने, सुमारे १७.७ टक्क्यांनी, वाढली. मात्र वाटा ‘०.१३ टक्क्यांनी घटला’ असे लिहिणे सदोष आहे. ०.१३ हा दोन शेकडेवारींमधील फरक आहे. मूळ ६.९९ च्या मानाने ही घट सुमारे १.९ टक्के होते. मराठी लोप पावत असल्याचे, किंवा उलट तिला कसलीच चिंता नसल्याचे, प्रतिपादन करणारे लेखक यांपैकी सोयीचा तेवढाच आकडा उचलतात.

मराठीचे प्रत्ययही येथे निर्णायक ठरतात. ‘वीस टक्क्यांनी आले’ आणि ‘वीस टक्क्यांवर आले’ यांत ‘नी’ फरक दाखवितो, ‘वर’ अंतिम स्थिती. ‘दुप्पट झाली’ म्हणजे शंभर टक्के वाढ, ‘दीडपट झाली’ म्हणजे पन्नास. परंतु ‘तिपटीने वाढली’ याचा अर्थ दोनशे टक्के की तीनशे, हे वाक्यावरून ठरत नाही. शास्त्रीय लेखनात ही रचना टाळणे इष्ट.

अखिल भारतीय पातळीवर दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे जनगणनेच्या भाषासूचीत स्वतंत्रपणे दिले जात नाहीत. अशी एखादी भाषा पुढील गणनेत मर्यादा ओलांडून सूचीत आली, तरी त्या सूचीवरून तिची शेकडा वाढ काढता येत नाही. कारण भागण्यासाठी आधीची संख्याच तेथे नसते.