गुलाबाची छाटणी व सुकलेली फुले

परसबागेतील गुलाबावर कात्री चालविण्यास पुष्कळांचा हात धजत नाही. परंतु गुलाबास फुले येतात ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच राखल्यास झाड नुसते उंच वाढते आणि फुले लहान व विरळ होत जातात.

महाराष्ट्रात पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर महिन्यात, मुख्य छाटणी करावी. प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. कलमाच्या सांध्याखालून निघालेले खुंटाचे धुमारे मुळीच ठेवू नयेत. ते कलमाचे पोषण हिरावून घेतात. उरलेल्या जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरप्या कापाव्यात व कापास बोर्डो मलम लावावे. सुमारे ४५ दिवसांनी फुले येऊ लागतात.

पुढे बहर चालू असता सुकलेले फूल झाडावर राहू देऊ नये. त्याच्या जागी फळ धरल्यास बी पोसण्यात झाडाची शक्ती खर्ची पडते. फूल कोमेजताच त्याखालील पाच दलांच्या पहिल्या पानाच्या लगेच वर दांडी कापावी. त्या पानाच्या बगलेतील डोळा फुटून त्यावर पुन्हा कळी येते. एवढ्यासाठी आठवड्यातून दोनदा बागेत फेरी मारणे पुरेसे आहे.