छोटं विमान घ्यायचंय? आधी ते उभं कुठे करणार ते सांगा

लखनौच्या तेलीबागेतून बोलतोय. मागचे काही भाग आपण आर्मी एव्हिएशनवर केले. त्यानंतर इंदूर, बेळगाव, नागपूर, हैदराबाद अशा सगळीकडच्या मराठी मंडळींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. सर, ते लष्कराचं झालं, पण आपल्यासारख्या माणसाला स्वतःचं छोटं विमान घेता येतं का? आणि घेतलं तर झेपतं का?

घेता येतं. कायदा आड येत नाही. झेपतं का, याचं उत्तर मात्र लांब आहे आणि त्यात पैसा हा निम्माच भाग आहे.

मी कशाच्या जोरावर बोलतोय तेही सांगतो. मी मूळचा तोफखान्यातला, नंतर चीता हेलिकॉप्टर उडवलं. निवृत्तीनंतर विमानाचा खासगी परवाना काढला आणि तिघांनी मिळून एक जुनं सेसना १७२ घेतलं. आठ वर्षं ते सांभाळलं, मग दुसऱ्या तिघांना विकलं. त्यामुळे आज सांगतोय ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं हाताला तेल लागून शिकलेलं.

कागदांचं पटकन उरकतो, कारण ते वाटतं तितकं अवघड नाही. खासगी वैमानिकाच्या परवान्याला वय १७ पूर्ण लागतं, दहावी पास लागते, वैद्यकीय तपासणी लागते आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले २० तास एकट्याने. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडून मिळायचा. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आणि हे कामही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आलं. विमानाला नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, त्याचा दर वर्षीचा आढावा आणि विमा हवा. नोंदणीची अक्षरं व्हीटी या दोन अक्षरांनी सुरू होतात. विमान आधीपासूनच व्हीटी असेल तर निम्मी धावपळ वाचते, परदेशातून आणायचं असेल तर धीर धरा. करही लक्षात ठेवा. वैयक्तिक वापराच्या विमानावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. आणि खासगी परवान्यावर भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. 'पेट्रोलपुरते द्या' म्हणूनही नाही.

काही तरुण विचारतात की घरीच बांधलं तर? मुंबईच्या अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, हे तुम्ही वाचलं असेल. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं गेलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उडवून बघायची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. मग विमान धुळ्याच्या धावपट्टीवर नेलं. त्या माणसाला माझा कडक सॅल्यूट. पण ते स्वतः वैमानिक, आणि तयार विमान लोकांसमोर ठेवल्यावरही कागदांना साडेतीन वर्षं लागली. तुम्हाला उडायचं असेल तर हजारोंनी बनलेलं, सुटे भाग मिळणारं, इथल्या अभियंत्यांच्या हाताखालून गेलेलं विमान घ्या. सेसना १७२ चे ४४ हजारांहून जास्त नग बनलेत. त्यात नवलाई नाही, आणि नवलाई नसणं हाच त्याचा गुण.

आता मुद्द्यावर येतो. विमान घेणाऱ्याला मी पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही. ते उभं कुठे करणार आणि महिन्यातून किती वेळा उडवणार, एवढंच विचारतो. दोन्हीचं उत्तर 'बघू' असेल तर मी चहा पाजून परत पाठवतो.

कारण विमान उडून जितकं झिजतं, त्याहून उभं राहून जास्त खराब होतं. या छोट्या विमानांत बहुधा लायकमिंगचं इंजिन असतं. कंपनी म्हणते, साधारण २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, इंजिन पूर्ण उघडा. आता हिशोब करा. हौशी मालक वर्षाला ५० तास उडतो. बारा वर्षांत झाले ६००. म्हणजे १,४०० तास न वापरताच इंजिन उघडायची वेळ आली. शिवाय उभ्या इंजिनात तेल निथळून खाली येतं, वरचा कॅमशाफ्ट उघडा पडतो आणि त्याला गंज चढतो. आपल्याकडचा पावसाळा त्याला भरपूर मदत करतो. म्हणून जुनं विमान घेताना 'फक्त इतकेच तास झालेत' या वाक्यावर भाळू नका. लॉगबुक उघडा आणि गेल्या पाच वर्षांत ते दर महिन्याला उडलंय का ते बघा. नियमित उडालेलं १,२०० तासांचं इंजिन मी घेईन, शेडमध्ये झाकून ठेवलेलं ३०० तासांचं घेणार नाही.

याच्याच जोडीला एक समजूत आहे. 'उडायला वेळ नाही, पण दर रविवारी जाऊन दहा मिनिटं इंजिन सुरू करून येतो.' कृपा करून हे करू नका. जमिनीवर चालवलेल्या इंजिनात तेल पुरेसं तापत नाही, त्यातली वाफ उडून जात नाही, उलट नवीन ओल जमा होते. उडायचं तर निदान अर्धा-पाऊण तास उडा, नाहीतर हात लावू नका. तेल आणि फिल्टर ५० तासांनी बदला, आणि तेवढे तास झाले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलाच.

उभ्या विमानात बिऱ्हाडंही येतात. साळुंकी दोन दिवसांत इंजिनाच्या झाकणाखाली काडीकचरा भरते. कुंभारीण माशी वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडात मातीचं घर करते, मग धावपट्टीवर धावताना वेगाचा काटा जागचा हलत नाही. लाल फडकी बांधलेली झाकणं असतात ती याचसाठी. ती लावा आणि उडण्याआधी आठवणीने काढा.

इंधनाचं नीट ऐका. या इंजिनांना अ‍ॅव्हगॅस लागतं, निळसर रंगाचं विमानी पेट्रोल. आपल्याकडे ते बाहेरूनच यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीतून देशी अ‍ॅव्हगॅस आणलं. तरीही प्रत्येक विमानतळावर मिळेल असं समजू नका. मोठ्या विमानांना लागणारं एटीएफ, म्हणजे रॉकेलच्या जातीचं इंधन, सगळीकडे असतं. इथेच खरा घात होतो. पेट्रोलच्या इंजिनात चुकून एटीएफ गेलं तरी नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर ते सुरू होतं, धावपट्टीपर्यंत जातं आणि उड्डाण केल्यावर बंद पडतं. म्हणून इंधन भरताना मालकाने स्वतः पंखाजवळ उभं राहायचं. फोन खिशात ठेवायचा. भरून झाल्यावर टाकीच्या तळातून थोडं काढून काचेच्या नळीत धरायचं आणि रंग, वास, तळाशी पाण्याचा थेंब बघायचा. आमच्या रस्त्याने पुढे रायबरेलीकडे गेलात की फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी लागते, १९८५ सालची. त्यांच्याकडची डायमंड विमानं डिझेल तत्त्वाच्या इंजिनावर, एटीएफवर चालतात. नवीन विमान घ्यायची ऐपत असेल तर तो पर्याय चांगला आहे, इंधनाची शोधाशोध वाचते.

प्लगची एक गोष्ट सांगतो. १९३० सालच्या भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाणाला आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. जेआरडी टाटा, ज्यांनी १० फेब्रुवारी १९२९ ला देशातला पहिला परवाना मिळवला, ते एका बाजूने निघाले, अस्पी इंजिनीअर दुसऱ्या बाजूने. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगपायी अडकून बसले होते. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग दिला आणि शर्यत अस्पींनीच जिंकली. जेआरडींच्या मोठेपणाबद्दल ही गोष्ट नेहमी सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं, की जेआरडींच्या पिशवीत जादा प्लग होता. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनात आठ प्लग आणि दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उडण्याआधी एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती उतरतात ते बघायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त उतरले तर विमान परत हँगरला. तिथे वाद नाही.

आता वजन. सेसना १७२ ला चार खुर्च्या आहेत, म्हणून चार माणसं बसतात असा सगळ्यांचा समज. नवीन मॉडेलमध्ये माणसं, सामान आणि इंधन मिळून साधारण ४०० किलो चालतात. टाक्या पूर्ण भरल्या की १४५ किलो तिथेच गेले. उरले २५५. चांगल्या खात्यापित्या घरचे चार जण धरा, बॅगा बाजूला ठेवल्या तरी ३०० च्या पुढे. तेव्हा एक तर माणूस खाली, नाहीतर इंधन कमी. वजन विचारायला संकोच वाटतो, विशेषतः वहिनी-मावशींना. मी सरळ काटा ठेवला होता हँगरमध्ये, आधी स्वतः चढायचो.

यात उन्हाळा मिसळा. लखनौ समुद्रसपाटीपासून १२३ मीटर, म्हणजे चारशे फूट. प्रमाण मानलेल्या हवेत इथे १४ अंश असायला हवेत. मे महिन्याच्या दुपारी असतात ४४. तीस अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट धरले तर ३,६०० फूट झाले. म्हणजे पारा बघून विमानाला वाटतं की आपण ४,००० फुटांवर, जवळजवळ महाबळेश्वरला उभे आहोत. हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, पंखाची उचल उशिरा. पहाटे पाचला आरामात निघालेलं विमान दुपारी तीनला त्याच माणसांसकट धावपट्टीच्या टोकापर्यंत तंगवतं. नागपूर, अकोला, जळगावकडच्या मंडळींनी हे लिहूनच ठेवावं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत परत या.

हिवाळ्यात उलटी गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत इथलं धुकं बघितलं नसेल तर कल्पना येणार नाही, दहा वाजता समोरचं घर दिसत नाही. डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला विमानतळावर किमान ५ किलोमीटर दिसायला हवं, ढगांचा तळ १,५०० फुटांच्या खाली नको, आणि सूर्यास्तानंतर प्रवास नाही. हे नियम जाचक वाटतात. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडायचं शिक्षण न घेतलेल्या वीस जणांना ढगात गेल्यासारखी परिस्थिती देऊन पाहिली. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आपण सरळ चाललोय असं कान सांगतात आणि विमान वळत खाली जात असतं. सह्याद्रीवर पावसाळ्यात ढग दिसले की हे १७८ सेकंद आठवा आणि 'पलीकडे मोकळं असेल' या आशेवर पुढे जाऊ नका. त्याआधीच वळा, मागचं आकाश अजून मोकळं असताना.

हे सांगणं सोपं, करणं अवघड, कारण मागे घरची माणसं बसलेली असतात. भाच्याचं लग्न पुण्याला, मुहूर्त अकराचा, सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मामा विमानाने येतोय. अशा वेळी हवा खराब आहे हे दिसत असूनही माणूस निघतो. म्हणून आमच्या तिघांत करार होता. ज्या ठिकाणी वेळेवर पोचलंच पाहिजे, तिथे विमानाने जायचं नाही. मुहूर्त गाठायचा असेल तर पुष्पक एक्स्प्रेसचं तिकीट काढा. (फ्लाइंग क्लबांत एके काळी एचएएलचं पुष्पक नावाचं दोन आसनी विमान असायचं. त्यानेही मुहूर्त गाठता आला नसता.)

भागीदारीचं म्हणाल तर तिघं हा आकडा मला बरा वाटतो. हँगर, विमा, वार्षिक तपासणी यांचा खर्च उडा किंवा न उडा लागतोच, तो तिघांत वाटला जातो. आणि विमान आलटून पालटून उडत राहतं, इंजिन गंजत नाही. लेखी करार करा. कोणी नियमित उडत नसेल तर काय, कोणाचा वाटा विकायचा असेल तर आधी कोणाला विचारायचं, धक्का लागला तर विम्याबाहेरचे पैसे कोण भरणार, हे सगळं त्यात येऊ द्या. विम्यात तिघांचीही नावं वैमानिक म्हणून आहेत ना, ते वाचून बघा. तासामागे इंजिनासाठी वेगळी रक्कम पहिल्या दिवसापासून बाजूला टाका. आम्ही त्या खात्याला 'म्हातारपणची शिदोरी' म्हणायचो.

आणि माणसालाही गंज चढतो. प्रवासी न्यायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या हव्यात, असा नियम आहे. मी म्हणतो महिन्याला तीन करा, त्यातली एक प्रशिक्षकासोबत, आणि तीत त्याला न सांगता इंजिन मंद करू द्या. सेसना १७२ इंजिनाशिवाय दर हजार फुटांना साधारण अडीच-पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. तीन हजार फुटांवर असाल तर आठ किलोमीटरच्या आतलं शेत आधीच हेरलेलं हवं. ऊस उंच असतो, भातखाचरात पाणी असतं, कापलेला गहू उत्तम.

ज्यांना हे सगळं ऐकूनही घ्यायचंच आहे, त्यांनी विमान बघायला जाण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. साखर आणि रक्तदाब तिथेच कळतात, आणि चाळिशीनंतर निघालेल्या निम्म्या मंडळींचा बेत तिथेच ठरतो. पुढच्या भागात लॉगबुक कसं वाचायचं ते एक जुनं लॉगबुक समोर ठेवून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.