फोटोवरून चांदीच्या रुपयाची पारख

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया फोटोत तपासायचा, तर नजर आधी राजाच्या झग्यावरच्या हत्तीकडे न्यावी. गळ्यातल्या मानाच्या साखळीजवळ कोरलेली ही आकृती जेमतेम काही मिलिमीटरची. १९११च्या रुपयावर ती लोकांना डुकरासारखी वाटली, असंतोष झाला, आणि १९१२पासून हत्ती स्पष्ट दिसेल अशी ती नव्याने कोरली गेली. कोरीवकाम इतके बारीक, की वापरात ते लवकर पुसट होते. हत्तीचे पाय आणि सोंड वेगवेगळे कळत असतील तर नाणे फार हाताळलेले नाही. त्या जागी नुसता उंचवटा उरला असेल तर ते बरेच फिरलेले आहे.

त्यानंतर मुकुटाची पट्टी, कान आणि दाढीचे केस पाहावेत. सातव्या एडवर्डच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही; तिथे कानावरचे केस आधी सपाट होतात. संग्राहक यावरून ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रा फाइन’ आणि अजिबात न वापरलेले ते ‘यूएनसी’ अशा प्रती लावतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था १ ते ७० गुणांची श्रेणी वापरतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ती अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. न वापरलेली नाणी त्यात ६०पासून पुढे येतात.

सपाट दिसणारा प्रत्येक भाग झिजलेलाच असतो असे नाही. टांकसाळीत ठशाचा ठोका कमी पडला, तरी केस आणि मुकुट अर्धवट उमटतात. फरक पृष्ठभागावर कळतो: कमी ठोक्याच्या जागी मूळची झळाळी टिकून असते, झिजलेली जागा करडी आणि मंद दिसते. फोटोची खरी अडचण इथेच सुरू होते. झीज फोटोत बऱ्यापैकी दिसते, झळाळी मात्र दिसत नाही. नवे नाणे हातात कलते केले की प्रकाशाचे पट्टे त्यावर चाकासारखे फिरतात. स्थिर चित्रात ते फिरणे उरतच नाही. स्कॅनरमधून काढलेल्या प्रतिमेत उत्तम नाणेही मेलेले दिसते, तर प्रखर दिव्याखाली गालाचा झिजलेला भाग पांढराशुभ्र होऊन नव्यासारखा भासतो.

घासलेली नाणी ओळखणे त्याहून कठीण. आपल्याकडे चांदी चिंचेने किंवा राखेने उजळण्याची रीत जुनी आहे आणि भांड्यांना ती चालते, पण नाण्याची त्याने कायमची हानी होते. घासल्याच्या केसासारख्या बारीक रेषा उजेड त्यांच्यावर आडवा पडला तरच दिसतात. म्हणून एकाच फोटोवर निर्णय करू नये. दिव्याची दिशा बदलून काढलेले दोन-तीन फोटो किंवा नाणे हळूहळू कलते करणारी चित्रफीत मागावी. शंभर वर्षांचा रुपया एकसारखा पांढरा असेल आणि अक्षरांच्या खाचांतही जराही काळेपणा नसेल, तर तो घासलेला किंवा रसायनात बुडवलेला असण्याची शक्यता मोठी. हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेला सम, करडा-निळसर थर हा दोष मानू नये. जाणकार त्याला जपतात.

कडेचा फोटो मागायला बहुतेक जण विसरतात. रुपयांना कडी डाखून माळा करण्याची प्रथा घरोघरी होती. कडी काढल्यावरही राजाच्या डोक्यावरच्या कडेला डाखाचा ठिपका किंवा कानशीने घासलेली जागा राहते आणि तिथले दाते तुटक दिसतात. अशा नाण्याची किंमत बरीच उतरते, मग चेहरा कितीही चांगला असो.

वजन मात्र कोणत्याच फोटोत येत नाही. या रुपयाचे प्रमाण वजन ११.६६ ग्रॅम, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. नेहमीच्या वापराने यात थोडीच घट होते. चेहरा ठळक असूनही नाणे अर्धा ग्रॅम हलके भरले, तर ते बनावट असल्याचा संशय घ्यावा. त्यामुळे काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा, आकडा वाचता येईल असा फोटोही विक्रेत्याकडून घ्यावा.