हैदराबाद 1948 : लष्करी हस्तक्षेपाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूर्णा आणि नांदेड यांच्या दरम्यानचे चुडावा हे आज परभणी जिल्ह्यातील रेल्वे स्थानकाचे गाव आहे; परंतु 15 ऑगस्ट 1947 रोजी हा सारा टापू स्वतंत्र भारतात नव्हता, तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. येथून मनमाडकडे आणि सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज गाडी निजामाच्या रेल्वेची होती, बाजारातले नाणे हाली सिक्का, म्हणजे संस्थानाचे स्वतःचे चलन होते, सरहद्दीवर मालावर करोडगिरी, म्हणजे सीमाशुल्क वसूल होई, आणि बहुसंख्य रयतेची भाषा मराठी असूनही सरकारी कारभार उर्दूत चाले. परक्या राज्यात यादवी माजली असता तेथे सैन्य पाठवावे काय, हा वाद वर्तमानपत्रांतून वाचताना दूरचा वाटतो. मराठवाड्यात तो 1948 मध्ये दाराशी आला होता, आणि त्याच्याविषयी आजही जे समज रूढ आहेत त्यांतले बरेचसे अर्धेच खरे आहेत.

सर्वांत पक्का समज असा की, हैदराबाद हा मुळातच भारताचा भाग असल्यामुळे हस्तक्षेपाचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्याच्या उलट टोकाचा समज असा की, ते एक सार्वभौम राष्ट्र होते आणि भारताने त्याच्यावर आक्रमण केले. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही विधाने घाईची आहेत. ब्रिटिशांचे संस्थानांवर जे वरचढ नियंत्रण होते त्याला अधिसत्ता म्हणत, आणि 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने ही अधिसत्ता कोणाकडेही हस्तांतरित न होता संपुष्टात आली. त्याचा अर्थ निजामाने असा लावला की आता आपण स्वतंत्र आहोत, तर भारत सरकारचे म्हणणे असे की, चहूबाजूंनी भारताने वेढलेल्या आणि संरक्षण व परराष्ट्र व्यवहार कधीही स्वतः न सांभाळलेल्या संस्थानाला राष्ट्राचे स्थान मिळू शकत नाही. 29 नोव्हेंबर 1947 रोजी दोघांत ‘जैसे थे’ करार झाला, म्हणजे एक वर्षापुरती जुनी व्यवस्था तशीच चालू ठेवण्याचे ठरले. करार झाला यावरून दोन बाजू होत्या हे दिसते, परंतु त्यातून सार्वभौमत्वाचा निवाडा झाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार एका राष्ट्राने दुसऱ्याविरुद्ध बळाचा वापर करण्यास मनाई आहे, मात्र एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संघटनेलाही ढवळाढवळ करता येत नाही. त्यामुळे हैदराबादने ऑगस्ट 1948 मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली तेव्हा, हैदराबाद हे ‘राष्ट्र’ आहे काय, याच एका प्रश्नावर सारा वाद येऊन ठेपला. परिषदेने 16 सप्टेंबरला पॅरिस येथील बैठकीत विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, दुसऱ्याच दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि काही दिवसांत तक्रारही मागे घेतली. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर न्यायाने द्यायचे होते त्याचे उत्तर रणांगणावर आधीच मिळाले, आणि परिषदेचा निर्णय कधी आलाच नाही.

‘पोलीस ॲक्शन’ या नावामुळे कारवाई पोलिसांनी केली असे समजणारे वाचक अजूनही भेटतात. वास्तविक तिचे लष्करी नाव ऑपरेशन पोलो होते. 13 सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखालील चिलखती दल सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने संस्थानात शिरले, दुसरी मोठी चढाई पूर्वेस विजयवाड्याकडून झाली, मुंबई प्रांताच्या बाजूने आलेल्या तुकड्यांनी औरंगाबाद व जालना ताब्यात घेतले आणि हवाई दलाची विमानेही वापरली गेली. हे पोलिसी नाव सोयीचे होते, कारण ते उच्चारताच कारवाई अंतर्गत ठरे.

हस्तक्षेपाचा निर्णय सरदार पटेलांनी एका फटक्यात घेतला आणि नेहरू आडवे आले, ही कथा भाषणांना रंग आणते. इतिहासाला मात्र ती पुरत नाही. जवळजवळ वर्षभर वाटाघाटी चालल्या, माउंटबॅटन जून 1948 मध्ये परत जाईपर्यंत तडजोडीचे मसुदे फिरत राहिले, काश्मीरमध्ये युद्ध चालू होते, आणि लष्करप्रमुख जनरल रॉय बुचर यांना दुसरी आघाडी उघडणे धोक्याचे वाटत होते. पटेल आणि नेहरू यांच्यात मतभेद होते ते मुख्यतः वेळेविषयी आणि जोखमीविषयी. दरम्यान संस्थानाने भारतीय चलनावर निर्बंध घातले, पाकिस्तानला वीस कोटी रुपयांचे भारतीय कर्जरोखे देऊ केले आणि चोरवाटेने शस्त्रे आणली. तर भारताने आपली आर्थिक नाकेबंदी केल्याची हैदराबादची तक्रार होती. कराराचा भंग एकाच बाजूने झाला, असे म्हणणे त्यामुळे अवघड जाते.

संस्थानातील संघर्ष हिंदू-मुस्लिम यादवी होता, असेही सर्रास लिहिले जाते. कासीम रझवी हे लातूरचे वकील, मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे नेते. त्यांच्या रझाकार या निमलष्करी स्वयंसेवक संघटनेने खेड्यापाड्यांत दहशत माजवली, हे निर्विवाद आहे. परंतु ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांच्या हल्ल्यात मारले गेलेले ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान हे भारतात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे मुसलमान पत्रकार होते, तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांचा लढा हिंदू देशमुखांच्या जमीनदारीविरुद्धही होता, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे प्रजेला उत्तरदायी असलेल्या सरकारची होती. सैन्य येण्याची कोणी वाट पाहत नुसते बसलेही नव्हते. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात आणि सोलापूरकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या होत्या, आणि चुडाव्यावरून जाणाऱ्या याच लोहमार्गावरील उमरी येथील बँक त्यांनी जानेवारी 1948 मध्ये लुटून लढ्यासाठी निधी उभा केला. बाहेरचे सैन्य आत बोलावणारे लोक आतलेच, मोठ्या संख्येचे आणि संघटित होते, ही बाब हैदराबादच्या बाबतीत हस्तक्षेपाच्या बाजूने सर्वांत भारी पडते; सुरक्षा परिषदेतल्या कायदेशीर युक्तिवादापेक्षाही ती भारी पडते.

मात्र लोकांचे पाठबळ किंवा यजमान सरकारची संमती मिळाली की हस्तक्षेप यशस्वी होतो, हाही भ्रमच. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना 1987 च्या कराराने, तेथील सरकारच्या संमतीने गेली. सुमारे 1,200 जवान गमावून ती मार्च 1990 मध्ये परतली. उलट 1971 मध्ये पूर्व बंगालच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 104 विरुद्ध 11 मतांनी युद्धबंदीचा ठराव झाला, तरीही त्या भारत-पाकिस्तान युद्धातून बांगलादेश उभा राहिला.

शेवटचा गैरसमज सर्वांत महाग पडलेला आहे : 17 सप्टेंबरला हिंसाचार संपला. निजामाने त्या सायंकाळी युद्धबंदी जाहीर केली, 18 सप्टेंबरला त्याचे सेनापती जनरल अल इद्रूस यांनी चौधरींसमोर शरणागती पत्करली, रझाकारांची सत्ता संपली, हे सारे खरे. परंतु त्यानंतरच्या दिवसांत अनेक गावांतून मुसलमान रयतेवर सूड उगवला गेला, आणि त्यांत रझाकारांशी कसलाही संबंध नसलेली माणसेही होती. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये नऊ जिल्ह्यांचा दौरा केला आणि मृतांचा अंदाज किमान 27,000 ते 40,000 असा वर्तवला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत परभणीला लागून असलेला नांदेड आणि उस्मानाबाद होते. मुसलमानांना वाचवणाऱ्या हिंदू शेजाऱ्यांचीही नोंद त्या अहवालात आहे, आणि काही ठिकाणी गणवेशातील माणसांचा सहभाग असल्याचा आरोपही आहे. पटेलांना तो अहवाल एकांगी वाटला. आकड्यांवर वाद होऊ शकतो, पण सरकारने अनेक दशके तो प्रसिद्धच न केल्यामुळे तो वाद खुलेपणाने झाला नाही. ज्याच्याविरुद्ध कारवाई झाली तो निजाम मात्र 26 जानेवारी 1950 पासून भारतीय संघराज्यातील हैदराबादचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या तोडीचा घटनात्मक प्रमुख झाला आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिला.

हस्तक्षेप आवश्यक होता, हा निष्कर्ष या वस्तुस्थितीने खोटा ठरत नाही. सैन्याने राजधानी जिंकल्यानंतर खेड्यांत कोण पहारा देणार याची तयारी नव्हती, हा निष्कर्ष मात्र त्यातून टळत नाही. 1948 मध्ये दहा वर्षांचे असलेले लोक आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहेत. 17 सप्टेंबरला ध्वजवंदन करणाऱ्या परभणी-नांदेडच्या शाळा-महाविद्यालयांनी त्यांच्याकडून स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणींबरोबर त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्याही हकिकती आताच लिहून घ्याव्यात.