पडद्यावरचे युद्ध आणि त्याचे संशयी रसिक

नवे नाटक यायचे झाले की त्याची परीक्षा प्रयोगाआधीच होऊन जाते, ही आपल्या मंडळींची जुनी खोड आहे. पडदे कोणी रंगविले, पदे कोणत्या चालीवर बांधली, नायक या भूमिकेला शोभेल काय, याचा निकाल तिकीट काढण्यापूर्वीच सुलतान बाजारापासून काचीगुड्यापर्यंतच्या ओट्यांवर लागत असे. ओटे गेले, नाटकेही थोडी राहिली. पण ही खोड काही मेली नाही. ती आता तरुण मुलांच्या अंगी उतरली असून त्यांच्या परीक्षेचा विषय आहे फोनवर खेळावयाचे बंदुकीचे खेळ. नवा खेळ येणार अशी जाहिरात झाली, दोन मिनिटांचे चित्र झळकले, की लगेच शंका सुरू होतात: चित्रे निर्जीव आहेत, कथा उसनी आहे, प्रत्यक्षात असे दिसणार नाही. माझ्याकडे शिकवणीस येणारा एक मुलगा आपल्या दखनीत म्हणाला, ‘‘ट्रेलर में तो सब अच्छाच दिखता, मास्तर. खेल में देखेंगे.’’

वाचकहो, वडीलधाऱ्यांना या खेळांचा नुसता राग येतो, म्हणून थोडी माहिती देतो. या प्रकारात पुष्कळ खेळाडू एका बेटावर उतरतात, शस्त्रे शोधतात, आणि अखेरपर्यंत जो जिवंत राहील तो जिंकतो. पब्जी हा कोरियातला खेळ २०१८ साली फोनवर आला आणि आपल्या घराघरांत शिरला. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात तोही गेला. जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या गादीवर दावे सांगणारे नेहमीप्रमाणे पुढे आले.

पहिला दावा फौ-जी या खेळाचा. बंगळूरच्या एनकोअर गेम्सचा हा खेळ बंदीनंतर दोनच दिवसांनी अभिनेते अक्षयकुमार यांनी जाहीर केला. निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा ‘भारत के वीर’ निधीला द्यावयाचा होता. कथा गलवान खोऱ्याची, जिथे जून २०२० मध्ये आपले वीस जवान कामी आले. २६ जानेवारी २०२१ ला खेळ हाती आला, आणि ज्यांनी आधी शंका काढल्या होत्या ते म्हणाले, ‘‘पाहा!’’ बंदुकीचा खेळ म्हणून ज्याची वाट पाहिली, त्यात आरंभी बंदुकाच नव्हत्या. ठोसे, दांडकी आणि हाताशी येईल ती वस्तू. अभिप्राय भराभर उतरले.

मला या प्रकरणात एक गंमत दिसते. गलवानला गोळी झाडली गेलीच नव्हती. झुंज दगडांनी आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी झाली. म्हणजे घटनेशी इमान राखायचे तर बंदूक नसणे हेच बरोबर! पण जाहिरातीने जी अपेक्षा जागविली होती ती पब्जीची. यमन गाणार म्हणून बोलावून भूप गायला, तर भूप कितीही शुद्ध असो, श्रोता तंबोरा खाली ठेवण्याची वाटच पाहतो. मुलांच्या शंकेचे मूळ येथे होते. ती खेळाच्या देशाभिमानावर नव्हती. सांगितले एक आणि दिले दुसरे, यावर होती.

दुसरा दावा आपल्या पुण्याचा, म्हणून त्यात मला अधिक रस. ‘मास्कगन’ हा खेळ बनविणाऱ्या सुपरगेमिंग या पुण्याच्या मंडळीने २०२२ साली ‘इंडस’ जाहीर केला. कल्पना अशी: सिंधू संस्कृतीचा धागा लुप्त न होता दूरच्या भविष्यात गेला, तर तिथली शस्त्रे, वास्तू आणि वेष कसे असतील? विरलोक नावाचे तरंगते बेट, सर-ताज, मोर-नी, बिग गज अशी पात्रे, आणि कॉस्मियम नावाचे दुर्मिळ खनिज. नावनोंदणी २०२३ च्या जानेवारीत सुरू झाली. खेळ मात्र सर्वांच्या हाती आला तो १६ ऑक्टोबर २०२४ ला.

एवढ्या मोठ्या काळात संशय वाढला नसता तरच नवल. मुले म्हणत, पात्रांना फेटा बांधला आणि चक्र हाती दिले म्हणजे झाले का भारतीय? बाकी धावणे, लपणे, गोळी झाडणे सारे परकीय खेळांतलेच. रंग फिके, चेहरे बाहुल्यांसारखे. आणि सारखे ‘लवकरच, लवकरच’!

चित्रांविषयीच्या तक्रारीत तथ्य असते. पण ती मोजण्याचे माप मुलांकडे एकच आहे. ज्या खेळांवर परदेशांत शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात, त्यांच्याशी ती तुलना करतात. आमच्या हैदराबादेत दुसरे माप आहे. लिंगमपल्लीजवळच्या वसाहतीत सुरभी नाटक मंडळीची घराणी राहतात. त्यांची परंपरा १८८५ पासूनची. त्यांच्या ‘मायाबझार’मध्ये रंगमंचावर बाण हवेतून येतात आणि मध्येच एकमेकांवर आदळून ठिणग्या उडतात. तार दिसते. दोरी ओढणाऱ्याचा हातही कधी दिसतो. तरी टाळी पडते, कारण त्या बाणामागे कोण उभा आहे आणि त्याला काय हवे आहे, हे पाहणाऱ्यास ठाऊक असते. तार झाकता आली तर झाकावीच, हे उघड आहे. परंतु बाण कोणाचा तेच कळत नसेल, तर तार झाकूनही काय साधणार?

आता कथेची बाजू. एक पक्ष म्हणतो, गोळ्या झाडायच्या तर कथा हवी कशाला? या पक्षाला मी ख्यालाचे उदाहरण देतो. चिजेत शब्द दोन ओळींचे. ते ऐकून कथा कळावी अशी कोणी अपेक्षा करीत नाही. रागाची हकीकत त्याच्या चलनात असते. इंडसमध्ये मला हेच थोडे आढळले. खेळाच्या उत्तरार्धात कॉस्मियम प्रकट होते. ते जो हस्तगत करून टिकवील, तो प्रतिस्पर्धी जिवंत असतानाही डाव जिंकतो. म्हणजे सगळ्यांना मारणे हाच एक मार्ग राहिला नाही, आणि लोभाची गोष्ट नियमातच येऊन बसली. जाहिरातीत पात्रांची लांबलचक पूर्वपीठिका सांगण्यापेक्षा हे चांगले. पण ते दोन मिनिटांच्या चित्रात दाखविता येत नाही, आणि संशय तर त्या दोन मिनिटांवरच पोसतो. माझे वडील तरुणपणी निजामाच्या दरबारात गात. ते म्हणत की, तंबोरा जुळवतानाच श्रोता निम्मा निकाल देऊन बसतो.

या सगळ्यात एक शंका मात्र वेगळी काढली पाहिजे. ‘‘आपल्या लोकांना हे जमायचे नाही’’ ही. ती खेळ पाहून निघत नाही, खेळापूर्वीच तयार असते, आणि दुर्दैवाने ती घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अधिक. दादासाहेब फाळके यांना १९१२ साली हीच भेटली. त्यांनी वाद घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि अंकुर क्षणात वेल होताना पडद्यावर दाखविला. त्यावर भांडवल उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. इंडसच्या मंडळींनीही पुरा होण्याआधीच खेळणाऱ्यांना बोलावून अर्धाकच्चा खेळ त्यांच्या हाती दिला, हे मला त्यांच्या सर्व जाहिरातींहून शहाणपणाचे वाटते. जो मुलगा दोष दाखवितो तो निदान खेळ उघडून बसलेला असतो.

आमच्याही शहरात हे काम झाले आहे. हैदराबादच्या ओगर हेड स्टुडिओने २०१७ साली ‘असुर’ नावाचा खेळ काढला. बंदुकीचा नव्हे, तलवारीचा, आणि नायक चक्क असुर! विवेकवर्धिनीसारख्या शाळांतून बाहेर पडलेल्या किती मुलांना त्याचे नावही ठाऊक नसेल. शिकवणीतल्या त्या मुलाला मी ते सांगितले. त्याने पहिला प्रश्न केला तो चित्रांविषयी नव्हता. ‘‘असुर हारता क्या, मास्तर?’’